लाल आकड्यांच्या पेटीबद्दल शतशः आभार

प्रति,
सन्माननीय शेठ,
मुंबई.



आपल्यासारख्या व्यग्र माणसाचा वेळ घेतोय, याबद्दल आधीच क्षमा असावी. दुकानात कुणी हार्मोनियम बघायला आलं असेल तर त्यांचं आधी बघा, पत्र थांबेल. पण समोर विशीतला पोरगा उभा असेल, पाठीवर गिटारची बॅग असेल आणि खिशात वर्षभराच्या सुपाऱ्यांचे साठवलेले पैसे असतील, तर कृपा करून त्याला बसवून ठेवा, हे पत्र वाचून संपवा आणि मगच त्याच्याशी बोला.

मी मिरजेचा. माझा भाचा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपती, नवरात्र, जत्रा, कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, जिथली सुपारी येईल तिथे टेंपोत बसून जातो. गेल्या पावसाळ्यात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, तो महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून आपल्या दारी आला. हातात चिठ्ठी होती. तिच्यावर तीन पेडलं लिहिलेली: एक ओव्हरड्राइव्ह, एक कोरस, एक डिले. आपण ती चिठ्ठी वाचलीत, मायेनं हसलात, पोराला आतल्या खोलीत नेऊन बसवलंत आणि चहा पाजलात. लहान गावातल्या पोराला मुंबईत एवढा मान कोण देतो? त्या चहाबद्दल पहिले आभार.

चहा संपेपर्यंत आपण त्याच्या ज्ञानात किती भर घातलीत! पेडलं शिकाऊ पोरांसाठी असतात, मोठे कलाकार रॅक वापरतात, हे त्याला समजावलंत. भिंतीवरचा फोटो दाखवलात. अमेरिकेतला कुणी नामवंत गिटारवादक, त्याच्या मागे पुरुषभर उंचीचं कपाट, खालपासून वरपर्यंत लुकलुकणारी यंत्रं. मग गोदामातून पेटी आणवलीत. ऐंशीच्या दशकातलं जपानी डिजिटल यंत्र, काळा पत्रा, समोर लाल आकडे. रिव्हर्ब, डिले, कोरस, सूर वरखाली करायची सोय, सगळं एकात. एकोणीस इंच रुंदीच्या त्या पेटीला प्लायवूडची केस, केसला अ‍ॅल्युमिनियमच्या कडा, आणि पायानं चालवायला मिडी फूट कंट्रोलर, तो वेगळ्या पैशानं. इतकी वर्षं धूळ खात पडलेल्या मालाला ‘विंटेज’ म्हणून सन्मानानं निरोप देणारा दुसरा दुकानदार मी पाहिलेला नाही. पोरगा मिरजेला उतरला तेव्हा पाठीवर गिटार होती, हमालाच्या डोक्यावर पेटी होती आणि खिसा रिकामा होता.

भेट म्हणून दिलेल्या ट्रान्सफॉर्मरबद्दलही आपले ऋण आहे. जपानात घरातली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. आपण हे आठवणीनं ध्यानात ठेवलंत आणि एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर फुकट दिलात. तो कुठे ठेवायचा एवढंच सांगायचं राहिलं. सिंगल कॉइल पिकअप हा मुळात चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तारेचं वेटोळं. जवळपास ट्रान्सफॉर्मर असला की त्याचं पन्नास हर्ट्झचं क्षेत्र पिकअप पकडतो आणि ती घरघर थेट स्पीकरमधून बाहेर येते. जत्रेच्या स्टेजवर ड्रम, दोन कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि निवेदक मावतात तेच नशीब. ट्रान्सफॉर्मर दूर ठेवायचा म्हणजे कुठे, मांडवाच्या बाहेर? पहिल्याच कार्यक्रमात निवेदकानं एक हळुवार गाणं जाहीर केलं, बासरी सुरू झाली, आणि तिच्याखाली आपली भेट अखंड घुमत राहिली. साउंडवाल्यानं गिटारचा फेडर खाली ओढला तो वर नेलाच नाही.

आता जरा मनापासून आभार मानायची वेळ आली आहे. आपण पोराच्या गिटारचा आवाज बदलून दिलात.

गिटारच्या साध्या पिकअपमधून येणारा सिग्नल फार नाजूक असतो. व्होल्टचा काही दशांश भाग, तोही अशा उगमातून आलेला की त्याच्यावर थोडा भार पडला तरी वरचे सूर मरतात. पेडल बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून बहुतेक पेडलांच्या तोंडाशी पाच ते दहा लाख ओहमचा रोध असतो, म्हणजे पिकअपवर जवळजवळ भारच नाही. आपण दिलेली पेटी स्टुडिओतल्या मिक्सरच्या शेजारी राहायला जन्मली. तिला हवी असते लाइन लेव्हल, प्लस चार डीबीयू, म्हणजे सव्वा व्होल्टच्या आसपास, आणि तिच्या तोंडाशी रोध काही दहा हजार ओहमचा. तिच्यात गिटारची केबल थेट खुपसली की तारेवर नख लागल्याची जी बारीक खणखण असते ती पहिल्यांदा जाते. मग आवाज कमी पडतो म्हणून इनपुटचा नॉब फिरवायचा, की गिटारबरोबर फस्सही वाढते. मध्ये एक चांगला प्रीअ‍ॅम्प किंवा बफर बसवला तर हे सगळं टळतं. पण पोराच्या डोक्याला नसता ताप नको, या वात्सल्यापोटी आपण ते बोलला नसाल.

न्यायाची गोष्ट म्हणून एक सांगतो. यामाहाचा एसपीएक्स९० घ्या, १९८५ चा, त्या काळातला गाजलेला रॅक. तो १२ किलोहर्ट्झच्या वरचे सूर इफेक्टमध्ये घेतच नाही, म्हणून त्या पिढीच्या यंत्रांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवणार नाही. गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर असाही फारसा बोलत नाही. यंत्रं वाईट नव्हती. आपली पेटीही वाईट नाही. चुकीच्या घरी पाठवली, एवढंच.

घर कसं चुकलं तेही ऐका. पोराचा अ‍ॅम्प छोटा, मागे सेंड-रिटर्नची सोय, म्हणजे लूप, नाही. अशा अ‍ॅम्पच्या तोंडात आधी रिव्हर्ब आणि डिले घालायचे आणि मग अ‍ॅम्पनं ते सगळं फाडायचं, म्हणजे घुमारा, पडसाद आणि मूळ सूर यांचा एकत्र चिखल. डिस्टॉर्शन आधी, डिले आणि रिव्हर्ब नंतर, हा क्रम शिकाऊ पोरालाही शिकवतात. ज्याच्या अ‍ॅम्पला लूप आहे त्यानं रॅक लूपमध्ये लावावा, ज्याच्याकडे नाही त्यानं ओव्हरड्राइव्हचं पेडल आधी ठेवून अ‍ॅम्प स्वच्छ ठेवावा. आपण त्याच्या अ‍ॅम्पचं नाव विचारलं असतंत तर दोन मिनिटांत हे लक्षात आलं असतं. आपण विचारलंत फक्त बजेट.

पोराची वाजवण्याची पद्धत आपण इतक्या सहज सोडवून टाकलीत, त्याबद्दल मी काय बोलू! तो करंगळीनं गिटारचा व्हॉल्यूम फिरवत वाजवतो. शिकलाच तसा. जुन्या पद्धतीच्या फझ किंवा ओव्हरड्राइव्ह पेडलावर व्हॉल्यूम थोडा उतरवला की आवाज साफ होतो, कडवं संपून धृपद आलं की करंगळी वर, आणि गिटार पुन्हा गर्जते. १९६६ साली इंग्लंडमध्ये आलेलं फझ फेस हे दोन ट्रान्झिस्टरांचं गोल पेडल जिमी हेंड्रिक्स असंच खेळवायचा. त्या पेडलाचा तोंडाशी असलेला रोध उलट कमी आहे, म्हणून गिटार आणि पेडल एकमेकांना धरून वागतात. दोघांच्या मध्ये बफर आला तर ती जादू जाते. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण वादकाच्या बोटाला लगेच कळतं. हे सगळं पोराच्या पायाशी आणि करंगळीशी होतं. प्रेक्षकांकडे तोंड करून, गायकाकडे बघत, ढोलकीच्या ठेक्यावर.

आपल्या पेटीपुढे तो प्रेक्षकांकडे पाठ करून वाकलेला असतो. दोन ओळींच्या बारीक पडद्यावर पॅरामीटर शोधतो, बाण दाबतो, आकडा वाढवतो, तोवर अंतरा संपलेला असतो. भाच्याचा कणा या वयात किती लवचिक आहे हे मंडळींना बघता आलं, ही आपलीच कृपा.

फूट कंट्रोलरचंही सांगतो, कारण तो आपण वेगळ्या पैशानं दिलात. मिडी १९८३ पासून आहे आणि उत्तम व्यवस्था आहे. पाच पिनांच्या केबलमधून १२८ प्रोग्रॅम बदलता येतात. पण काही यंत्रं मोजणी शून्यापासून करतात, काही एकापासून. आपण दिलेली जोडी नेमकी एकमेकांशी न पटणारी निघाली. पाच दाबलं की सहा लागतं. भक्तिगीताला डिस्टॉर्शन लागलं, शेठ, देवीच्या मांडवात. आणि प्रोग्रॅम बदलताना ती पेटी क्षणभर गप्प होते, आधीच्या रिव्हर्बची शेपूट तिथेच तुटते. स्टुडिओत दोन गाण्यांच्या मध्ये बदलताना कुणाला पत्ता लागत नाही. लाइव्ह गाण्यात मुखड्यावरून अंतऱ्यावर जाताना भोक पडतं.

तरीही पोरगा हरला नाही. रात्र रात्र बसून त्यानं प्रत्येक गाण्याचे आवाज बनवून पेटीच्या मेमरीत ठेवले. त्याला वाटलं, आता जमलं. ही मेमरी आतल्या एका लिथियमच्या बॅटरीवर जगते आणि ती बॅटरी कारखान्यात बसवलेली असते, बहुधा त्याच्या जन्माच्या आधी. ऐन नवरात्रात ती संपली. स्विच टाकला तेव्हा पेटीत पुन्हा फक्त कंपनीचे प्रीसेट उरले होते. आपण पेटी विकण्याआधी झाकण उघडून एक बॅटरी बदलली असतीत तर ते काम वाचलं असतं. पण अनेक दशकं जुन्या वस्तूच्या अंगाला हात लावून तिचं विंटेजपण आपण का बिघडवावं?

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलाच्या पोटातली ४५५८ ही चिप आजही बनते. लॅमिंग्टन रोडवर मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत मिळते, आणि आमच्याकडचा रेडिओ दुरुस्त करणाराही तिला ओळखतो. पेडल बंद पडलं तर तेवढंच बाजूला काढून बाकीच्यांवर कार्यक्रम निभावतो. आपल्या पेटीतली मुख्य चिप कंपनीनं स्वतःसाठी घडवलेली आणि कधीच बंद झालेली. ती गेली की शंभर इफेक्ट एका दमात जातात.

आता त्या भिंतीवरच्या फोटोकडे वळू, कारण पोरावर खरी मोहिनी त्यानंच घातली. ती कपाटं खोटी नव्हती. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये स्टीव्ह ल्यूकाथर आणि मायकल लँडाउ यांच्यासारखे सेशन वादक सकाळी एका अल्बमवर, दुपारी दुसऱ्यावर वाजवायचे. मागितलेला प्रत्येक आवाज त्यांना क्षणात द्यावा लागायचा, आणि कपाट उचलायला, जोडायला, जपायला माणसं असायची. बॉब ब्रॅडशॉ यांनी त्यांच्यासाठी स्विचिंगची व्यवस्था उभी केली. तिच्यात प्रत्येक इफेक्ट स्वतःच्या लूपमध्ये असतो, लागेल तेव्हाच वाटेत येतो, एरवी गिटारचा आवाज त्याला शिवतही नाही. आणि शेठ, त्या कपाटांच्या खणांत काय असायचं? पेडलं. साधी, पायाखालची, चार पैशांची पेडलं, खेचायच्या खणात ओळीनं मांडलेली. ज्या फोटोच्या जोरावर आपण पेडलं शिकाऊ पोरांची ठरवलीत, त्या घराण्याच्या कपाटातही पेडलं होती.

त्या काळातल्या यंत्रांवर माझं प्रेम आहे, हेही लिहून ठेवतो. इव्हेंटाइडचा १९७५ चा एच९१० नसता तर निर्माते टोनी व्हिस्कॉन्टींनी डेव्हिड बोवीच्या ‘लो’ या १९७७ च्या अल्बममध्ये ड्रमला जो खाली घसरणारा धक्का दिला तो आपल्याला ऐकायला मिळाला नसता. यू२ या बँडच्या एजच्या गिटारमागे कॉर्गचा एसडीडी-३००० हा रॅक डिले आहे आणि त्याच्या प्रीअ‍ॅम्पचा रंगही त्या आवाजात आहे. एजनं तो निवडला तेव्हा त्याला काय हवं होतं हे त्याला ठाऊक होतं.

डिजिटल म्हणजे रॅक आणि पेडल म्हणजे जुनाट, असंही आपण त्याच्या मनावर बिंबवलंत. रोलंडनं एसडीई-३००० या रॅक डिलेसाठी घडवलेली चिप त्याच घरातल्या बॉसनं १९८३ साली डीडी-२ या छोट्या पेडलात बसवली. म्हणजे पोराच्या चिठ्ठीवर जो डिले लिहिलेला होता, तो डिजिटल रूपात पायाखाली येऊन चाळीस वर्षं उलटली आहेत. आज कपाटभर यंत्रांचं काम करणारी पाटी पायाशी ठेवता येते. हे आपल्याला माहीत नाही असं मानणं हा आपला अपमान होईल, म्हणून मी ते मानत नाही. आपल्याला माहीत होतं.

मिरज हे वाद्यांचं गाव आहे. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या कारागिराकडे तानपुरा करायला सांगायला गेलात तर तो आधी विचारतो, गाणारा पुरुष की बाई, पट्टी कोणती, घरी रियाजाला हवा की मैफलीला. मग तो पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांतला एक उचलतो, उलटा करतो, टिचकी मारतो. गिऱ्हाइकानं चुकीचा भोपळा मागितला तर तो देत नाही, मग पैसे गेले तरी चालतील. मी त्या गल्लीतून लहानपणापासून जातोय. वाद्य विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला दोन गोष्टी विचारायच्या असतात, हे मला तिथेच कळलं, म्हणून आपल्या चहानं माझं समाधान होत नाही.

पेडलांचेही तापच आहेत. सहा पेडलं म्हणजे डझनभर जॅक आणि त्यांच्यातल्या छोट्या केबली, त्यातली एक नेमकी कार्यक्रमाच्या वेळी दगा देते. एकाच अडॅप्टरवर सगळी टांगली की डिजिटल पेडलाची किणकिण बाकीच्यांत शिरते. नऊ व्होल्ट, मध्ये निगेटिव्ह, हा रिवाज बहुतेक कंपन्या पाळतात, पण एखादं परदेशी पेडल उलटं निघतं आणि जळतं. चार पेडलं एका कंपनीची, दोन दुसरीची, खर्च वाढत जातो. हे सगळं आपण त्याला सांगितलं असतंत, आणि मग त्यानं विचार करून रॅक निवडला असता, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. स्टुडिओत काम करायचं असेल, मिक्सरच्या ऑक्स सेंडवर जोडायचं असेल, अ‍ॅम्पला लूप असेल, पेटी उचलायला माणूस असेल, तर रॅक घ्यावा, मी स्वतः सांगेन. टेंपोतून जाणाऱ्या, छोट्या अ‍ॅम्पवर, करंगळीनं वाजवणाऱ्या पोराला ती चिठ्ठीच बरोबर होती.

पेटी परत घेण्याबद्दल मी फोन केला तेव्हा, विकलेला माल परत घेतला जात नाही, हे आपण मला अत्यंत नम्रपणे सांगितलंत. त्या नम्रतेला उत्तर म्हणून माझ्या तीन नम्र मागण्या आहेत. फूट कंट्रोलर अजून नव्यासारखा आहे, बिल सोबत जोडलंय, तेवढा परत घ्या आणि त्या पैशात पोराला त्याच्या चिठ्ठीवरचं ओव्हरड्राइव्ह द्या. दुकानात जुना रॅक ठेवलाय त्याच्या बाजूला एक अ‍ॅम्प लावून ठेवा, गिऱ्हाइकाला स्वतःची गिटार घेऊन वाजवून बघू द्या. आणि पुढचा पोरगा आला की त्याला विचारा, कुठे वाजवतोस, कशावर वाजवतोस, अ‍ॅम्पला लूप आहे का. बजेट चौथं विचारा.

उत्तराची वाट पाहतो. पोरगा पुढच्या महिन्यात पुन्हा मुंबईला येणार आहे, या वेळी मी बरोबर असेन. चहा घेईन.



आपला,
एका गिटारवाल्याचा मामा
मिरज

ता. क. पेटी आता कोल्हापुरातल्या एका रेकॉर्डिंगच्या खोलीत आहे. आतली बॅटरी बदलली, ट्रान्सफॉर्मर भिंतीपलीकडे ठेवला, मिक्सरच्या ऑक्स सेंडवर जोडली. गायिकेच्या आवाजावर तिचा रिव्हर्ब लावला तर ऐकत राहावंसं वाटतं. त्यांनी तिचे जेवढे पैसे दिले त्यात पोराचं कोरस पेडल येतं. डिलेचं अजून बाकी आहे.